शुक्रवारचा शिमगा

'उपचारात्मक अध्यापन' हा शब्द ज्या कोणी काढला, त्याला एकदा आमच्या सायकल स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी बसवायला हवं होतं. वर पत्रा तापलेला, शेजारी कुणाची तरी सुरू न होणारी स्कूटर, आणि समोर बाकांवर बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची, मिसरूड फुटलेली पोरं पाचवीतले अपूर्णांक सोडवत बसलेली. पोरं त्या वर्गाला दवाखाना म्हणायची. तिथे बसणारे ते पेशंट. "काय रे, आज दवाखान्यात नंबर लागला का?" असं एकमेकांना छेडायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. नंतर राग यायला लागला, आणि माझा राग म्हणजे काय ते माझ्या घरच्यांना विचारा.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी गंगापूर रोडकडच्या एका कॉलेजात गणित शिकवायला नुकतीच लागले होते. माझं माहेर फुलवाल्यांचं. नाशिकच्या कडेला आमचा मळा, त्यात झेंडू, शेवंती, गुलाब आणि मधल्या सऱ्यांत मेथी-कोथिंबीर. आई फुलं तोडून बाजारात नेऊन बसायची, आणि उगाच भाव पाडून मागणाऱ्याला असं काही सुनवायची की तो चार पाट्या पुढे जाईपर्यंत मागे वळून बघायचा. तोंड मला तिच्याकडून मिळालं. गणिताचं डोकं कुणाकडून मिळालं ते आजतागायत कळलेलं नाही. पण गणितं सुटायची म्हणून शिकले, नोकरी लागली, आणि नवीन म्हणून कोणालाच नको असलेला तास माझ्या गळ्यात पडला. दवाखान्याचा.

तिथली पद्धत अशी. कॉलेज सकाळचं. जूनमध्ये सगळ्यांची एक चाचणी घ्यायची, तीत जे गळतील त्यांना दुपारी शेडमध्ये बोलवायचं आणि पाचवीपासून सुरुवात करायची. आधी अपूर्णांक, मग दशांश, मग टक्केवारी. दिवाळीपर्यंत गाडी जेमतेम दशांशाला पोचायची. तिकडे सकाळच्या तासाला कमिशन, चक्रवाढ व्याज, मॅट्रिक्स असं सगळं उरकलेलं असायचं. म्हणजे सकाळी या पोरांना काही कळायचं नाही, कारण ते फार पुढचं. आणि दुपारी जीव रमायचा नाही, कारण ते पोरासोरांचं. शिवाय निफाडकडची पोरं दुपारच्या एसटीने गेली नाहीत तर पुढची गाडी थेट संध्याकाळी. ती कशाला थांबतील? थांबायची ती वसतिगृहातली, सुरगाणा-पेठकडची. त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती.

त्या थांबणाऱ्यांत एक मुलगी होती. सुरगाण्याच्याही पलीकडे, गुजरातच्या हद्दीजवळच्या एका पाड्यावरची. ठेंगणी, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, कायम पहिल्या बाकावर. मी पहिल्या दिवशी विचारलं, कुठल्या शाळेतून आलीस? ती म्हणाली, "इथूनच मॅडम. मी मागल्या वर्षी पन इथंच होते." मागचं अख्खं वर्ष तिने याच शेडमध्ये काढलं होतं, तास म्हणून बुडवला नव्हता, आणि परीक्षेत गणितातच गेली होती. बाकीचे सगळे विषय सुटलेले. वसतिगृहाचा नियम होता की एका वर्गात एकदा नापास झालं तर सांभाळून घ्यायचं, दुसऱ्यांदा झालं तर ट्रंक उचलायची आणि जागा दुसऱ्याला द्यायची. वसतिगृह गेलं की शहरात राहायचं कुठे, आणि राहायलाच जागा नाही तर कॉलेज कसलं?

तिला तलाठी व्हायचं होतं. त्यांच्या पाड्यावर तलाठी कधीतरी यायचा, आणि आला की म्हातारीकोतारी माणसंसुद्धा हातातलं काम टाकून त्याच्यापुढे उभी राहायची. हे ती लहानपणापासून बघत आली होती. "मी झाले तं आधी समद्यांना बसा म्हनीन," असं ती एकदा मला म्हणाली. त्यासाठी पदवी लागत होती, आणि पदवीच्या वाटेत हे एवढं एक गणित आडवं पडलं होतं.

मी विभागप्रमुखांकडे गेले. सर वयाने मोठे, सज्जन माणूस, पांढरा हाफशर्ट, खिशाला पेनं लावलेली. मी म्हटलं, "सर, हे पाचवीपासून चढत जाणं बंद करू. उद्या सकाळी वर्गात जे शिकवायचं असेल तेच मी आदल्या दिवशी शेडमध्ये शिकवते. मधे अपूर्णांक अडला तर तेवढ्यापुरता तिथेच सांगते. म्हणजे सकाळच्या तासाला ही पोरं तेच दुसऱ्यांदा ऐकतील."

"मॅडम, पाया कच्चा आहे त्यांचा," सर म्हणाले.

"सर, आमच्या मळ्यात झेंडूची थोडी रोपं मेली तर आई अख्खा वाफा उपटून पुन्हा पेरायला बसत नाही. जिथलं रोप गेलं तिथे नवीन लावते. नांग्या भरते. बाकीचा वाफा तोवर वाढत असतो."

सरांना झेंडूतलं ओ की ठो कळत नव्हतं. ते म्हणाले, वाफा वेगळा आणि विद्यार्थी वेगळा. मी म्हटलं, मागच्या वर्षी पाया पक्का करून घेतलेली एक मुलगी पहिल्या बाकावर पुन्हा येऊन बसलीय, तिचं काय करायचं ते सांगा. मग त्यांनी वर पंख्याकडे बघितलं. "करा काय करायचं ते. निकाल लागला की बोलू," म्हणाले.

मी तास दुपारवरून काढला आणि सकाळच्या शेवटच्या तासाला लागून घेतला, निफाडची एसटी सुटायच्या आत संपेल असा. पोरं वाढली. निफाडची द्राक्षवाल्यांची पोरंसुद्धा थांबायला लागली. मी एकदम खूश. उद्याचा धडा आज, घसा फोडून शिकवायचे, फळा भरून टाकायचे आणि दर गणितानंतर विचारायचे, "समजलं का?" अख्खी शेड म्हणायची, "हो मॅडम." त्यात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत स्पष्ट हो त्या मुलीचा असायचा. मला वाटायचं, झालं, गाडी रुळावर आली.

मग सहामाही झाली आणि तिचा पेपर माझ्या हातात आला. जवळजवळ कोरा. जे लिहिलं होतं तेही खोडलेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला स्टाफरूममध्ये बोलावून घेतलं. "रोज हो म्हणतेस ना? मग हे काय आहे?"

ती खाली मान घालून उभी. "हो मॅडम."

"अगं, आता कशाला हो म्हणतेस?"

"हो मॅडम."

मी कपाळाला हात लावला आणि जा म्हटलं. ती वळली, आणि जाता जाता माझ्या टेबलावरचा चहाचा रिकामा कप उचलून बाहेर मोरीशी ठेवून गेली. त्या कपाने माझा राग आणखीच वाढला. इतकी शहाणी मुलगी आहे, सगळं दिसतं हिला, मग गणितानेच हिचं काय घोडं मारलंय?

डिसेंबरात कॉलेजचं हिवाळी शिबिर सुरगाण्याकडे गेलं. ओढ्यावर बंधारा घालायचा, पाणवठ्याची वाट नीट करायची, असलं श्रमदान. मुली बरोबर होत्या म्हणून एक बाईमाणूस हवं, आणि बाईमाणूस म्हणजे अर्थात मी. सुरगाण्यापासून पुढे काळीपिवळी जीप. आत माणसं, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, आणि ड्रायव्हर स्वतःच्याच गाडीत अर्धा बाहेर. शिबिराचं गाव आलं तेव्हा माझे पाय कुठले आणि शेजारणीचे कुठले हे आधी ठरवावं लागलं. ती मुलगीही शिबिरात होती, आणि तिचा पाडा तिथून एक टेकडी ओलांडली की. दुसऱ्याच दिवशी तिने मला जेवायला बोलावलं.

कुडाचं घर, स्वच्छ सारवलेलं. भात झोडपून झाला होता, त्याचा पेंढा अंगणाच्या कडेला रचलेला. तिची आई कोकणी बोलायची, समुद्राकडची नव्हे, तिकडच्या आदिवासींची, ते मला अर्धंमुर्धं कळायचं, उरलेलं मुलगी मराठीत सांगायची. मला एकटीला आधी पाटावर बसवलं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. आणि मायलेकी समोर बसून माझ्या हाताकडे बघायला लागल्या. मी घास घेतला. आमटीत मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. पाहुणी येणार या गडबडीत त्या बाई विसरल्या असणार. त्यांनी विचारलं, बरं झालंय का? मी म्हटलं, "हो, छान झालंय." लगेच आणखी वाढलं. मी तेही खाल्लं. पुन्हा विचारलं, पुन्हा मी छान म्हटलं, पुन्हा वाढलं.

तेवढ्यात तिचे वडील शेतावरून आले. हातपाय धुतले, ताटावर बसले, एक घास तोंडात घातला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले की मीठ नाही. आईने घाईने चाखून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, आणि ती मुलगी खुदकन हसली. जूनपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"काय म्हणाली आई?" मी विचारलं.

"आई म्हनते, बाई पावन्या हायत, त्या हो म्हननारच. मीठ नाय ते घरच्या मानसानं सांगायचं."

जेवण झाल्यावर ती मला टेकडीपर्यंत सोडायला आली. माझ्या डोक्यात ती आमटीच घोळत होती. चढ संपला तशी मी थांबले. "तू वर्गात हो म्हणतेस, ते असंच का गं?"

ती पायवाटेवरचे खडे बघत राहिली. मला वाटलं आता 'हो मॅडम' येणार. पण नाही आलं. "तुम्ही एवढा घसा फोडून सांगता," ती म्हणाली. "मग नाय समजलं कसं म्हनायचं? तुमच्या शिकवन्यात खोट काढल्यावानी दिसतं ते."

एरवी मी चिडले असते. पण पोटात ती बिनमिठाची आमटी होती, कुठल्या तोंडाने चिडणार? इतके महिने मी तिचा हो गणिताचा धरत होते, आणि ती बिचारी मला आमटी छान झाली म्हणून सांगत होती. ती हो म्हणाली की मी आणखी वाढत होते. आणि ती एकटीच कशाला, अख्खी शेडच तेच करत असणार.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी बंधाऱ्याचं काम उरकून सगळे दगडांवर बसले होते. तिचे वडीलही मदतीला आले होते. गप्पा होळीवर आल्या. ते सांगत होते की पाड्यावरची माणसं निफाडकडे द्राक्षांच्या कामाला जातात, पण होळीला काही झालं तरी परत येतात. होळी म्हणजे त्यांची दिवाळी. आणि शिमग्यात कोणी कोणाला काहीही बोलावं. सरपंच असो नाहीतर पोलीसपाटील, त्याच्या दारात जाऊन तोंडावर हात मारून बोंब मारली तरी तो हसतो आणि पोरांना फगव्याचे चार पैसे देऊन वाटेला लावतो. मनावर घ्यायचं नाही अशी रीतच.

"मास्तर असला तरी?" मी विचारलं.

"मास्तर असला तं आधी त्याच्याच दारात," ते म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाचं तरी गाठोडं होतं, आणि मी मनातल्या मनात नुसती हसत होते. मुली एकमेकींना खुणावत होत्या, मॅडमना ऊन लागलं की काय.

जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी मी शेडमध्ये गेले आणि जाहीर करून टाकलं. "आजपासून दर शुक्रवारी इथे शिमगा. मी फळ्यावर गणित करणार आणि मुद्दाम चुकणार. चूक दिसली की बोंब मारायची. शिमग्याचं मी मनावर घेणार नाही. बोंब आली नाही तर चुकीचंच तसं पुढे नेणार." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बाई बिथरल्या, असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. मी सात अठ्ठे चोपन्न लिहिलं. शांतता. पुढच्या ओळीत आणखी एक चूक घातली. शांतता. शेवटी उत्तर असं आलं की दुकानदाराने शंभराच्या वस्तूवर दीडशेची सूट दिली. मागच्या बाकावर निफाडचा एक आडदांड पोरगा होता, बापाचे द्राक्षाचे मळे. त्याला राहवेना. त्याने तोंडावर हात मारून बारीकशी बोंब मारली आणि स्वतःच दचकून खाली वाकला.

"शाब्बास," मी म्हटलं. "कुठे चुकलं?"

"समदंच चुकलंय मॅडम."

शेड हसली. मी फळा पुसला आणि नव्याने सुरू केलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी तर असा गोंगाट झाला की विभागप्रमुख धावतच आले. "काय झालं? साप निघाला का?"

"नाही सर, टक्केवारी चाललीय."

त्यांनी फळ्याकडे बघितलं. "मॅडम, तिसऱ्या ओळीत चुकलंय तुमचं."

"म्हणून तर ओरडतायत."

सर गेले नाहीत. दाराशी उभे राहिले. पुढची चूक त्यांनी पोरांच्या आधी पकडली, हात तोंडापर्यंत नेला, आणि मग काहीतरी आठवल्यासारखा चष्म्याला लावला.

मला यातली खरी गंमत हळूहळू कळली. चूक पकडायची तर गणित समजावंच लागतं. आणि ज्या चुकीवर बोंब येत नाही, तिथेच नेमकं पोरांचं अडलेलं असतं. मला कोणाला विचारायची गरजच उरली नाही. शेड गप्प बसली की मी थांबायचे, मागे जायचे, तेवढ्या नांग्या भरायचे आणि पुढे निघायचे. 'समजलं का' हा प्रश्न मी टाकूनच दिला. पोरं शनिवारीसुद्धा शुक्रवारच्या चुका एकमेकांना सांगत हसायची. दवाखाना हा शब्द कधी मागे पडला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

फक्त ती मुलगी बोंब मारत नव्हती. तिला चूक दिसायची हे मला दिसायचं. नजर बरोबर त्या आकड्यावर जाऊन थांबायची, पेन थांबायचं, आणि दोन्ही हात मांडीवर तसेच. तास सुटला की मी तिला गाठायचे. "दिसली होती ना?"

"हो मॅडम."

"कुठला हो? पाहुण्यांचा का घरचा?"

ती हसायची आणि वेणीशी चाळा करत निघून जायची. मी शुक्रवारची वाट बघायचे आणि शुक्रवार तसाच जायचा.

फेब्रुवारीत पूर्वपरीक्षा झाली. या वेळी पेपर कोरा नव्हता, भरलेला होता, पण थोडक्यात गेली. जिथे शंका आली असेल तिथे तिने विचारलेलं नव्हतं, आणि तिथेच मार खाल्ला होता. पेपर दाखवला तेव्हा तिने तो शांतपणे चाळला, घडी घालून ठेवला आणि मला विचारलं, "होळीला घरी जाते मॅडम. ट्रंक पन आत्ताच नेऊ का? नंतर एकदम समदं नेताना जड होतं."

माझं डोकं सटकलं. "खबरदार ट्रंक हलवलीस तर. ट्रंक राहील इथे, तू जा आणि परत ये." स्टाफरूममधल्या सगळ्या माना वळल्या. खरं तर मी घाबरले होते. एप्रिलात ही पोरगी ट्रंक घेऊन जीपच्या टपावर बसलेली मला दिसायला लागली होती. भीती वाटली की माझ्या तोंडातून राग बाहेर पडतो, माझं पहिल्यापासून असंच आहे.

ती गेली. होळी झाली, रंगपंचमी आली, नाशिक रंगून निघालं, आणि शेडमधला पहिला बाक मोकळाच. दाराशी पाऊल वाजलं की माझं लक्ष जायचं. रंगपंचमी होऊन गेल्यावर एका सकाळी ती आली, उन्हाने रापलेली, हातात फडक्यात बांधलेला डबा. माझ्या जिवात जीव आला. "आईनं चटनी दिली," ती म्हणाली. "मीठ बरोबर हाय का बघा म्हनली."

मी तिथेच बोटावर घेऊन चाखली. मीठ जरा जास्तच होतं. "जास्त झालंय गं," मी म्हटलं.

"आईला सांगते," ती म्हणाली, आणि इतकी खूश दिसली की मला वाटलं, कौतुक केलं असतं तरी इतकी खूश झाली नसती.

परीक्षा तोंडावर आली. सकाळचा मोठा तास माझ्याकडे होता, वर्ग तुडुंब भरलेला, पुढे सगळी शहरातली तरतरीत पोरं. माझा घसा बसलेला, अंग कणकणत होतं. चक्रवाढ व्याजाचं गणित चाललं होतं. व्याज दर सहा महिन्यांनी आकारायचं, म्हणून मी मुदत दुप्पट केली आणि पुढे लिहीत सुटले. दर निम्मा करायचा राहिला. मला पत्ताच नाही. सगळा वर्ग माना खाली घालून उतरवून घेत होता.

आणि पहिल्या बाकावरून बोंब आली. शेडमधल्यासारखी बारीक नव्हे, टेकडीपलीकडे ऐकू जाईल अशी लांबलचक. मी वळले. ती उभी होती, हात अजून तोंडाशी. शहरातली पोरं तोंड वासून बघत होती. मागच्या बाकावरचा निफाडचा तो पोरगा तेवढा हसत होता.

"मॅडम," ती म्हणाली, "दर निम्मा करायचा ऱ्हायलाय."

मी फळा बघितला. राहिला होता. मी मुद्दाम चुकले नव्हते, आणि हे आता तिच्याही लक्षात आलं, कारण ही शेड नव्हती आणि आज शुक्रवारही नव्हता. ते लक्षात आल्यावर तिने जीभ चावली आणि खाली बसायला लागली.

"बसू नकोस," मी म्हटलं. "ये, दुरुस्त कर."

ती आली. माझ्या हातातून खडू घेतला आणि बारीक, नीटनेटक्या आकड्यांत सगळं गणित पुन्हा करून दाखवलं. मी खिडकीशी उभी होते. अंगातली कणकण कुठल्या कुठे गेली होती. भर वर्गात, शंभर पोरांसमोर माझी चूक निघाली होती आणि मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही.

ती पास झाली. काठावर नाही, चांगली पास. जूनमध्ये वसतिगृहातली तिची जागा तिच्याकडेच राहिली आणि ट्रंक जिथे होती तिथेच. बाकीची पोरंही बरीच सुटली. निकाल लागल्यावर विभागप्रमुख माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "शेडला एक पंखा लावून घेऊ." कौतुक करायची त्यांची पद्धत तीच.

पुढे शेड गेली, नव्या इमारतीत खोली मिळाली. दोन हजार सालानंतर कधीतरी त्या तासाला 'ब्रिज कोर्स' असं भारदस्त नाव मिळालं. पण उद्याचा धडा आदल्या दिवशी आणि शुक्रवारी शिमगा, हे दोन्ही राहिलं. माझ्यानंतर लागलेले तरुण प्राध्यापकही मुकाट्याने बोंबा ऐकून घेतात. ती मुलगी पदवीधर झाली, परीक्षा देत राहिली, आणि आता सुरगाण्याकडेच तलाठी आहे. लोकांना आधी बसा म्हणते की नाही ते मी विचारलेलं नाही. म्हणत असणार.

पण मला सारखा आठवतो तो तिच्या निकालानंतरचा जुलै. शेडमध्ये नवीन पोरं आली होती, डोंगरातली, निफाडची, सगळी अंग चोरून बसलेली. पंखा लागला होता. ती दुसऱ्या वर्षाला गेली होती, शेडमध्ये यायचं तिला काही कारण नव्हतं, तरी आली आणि मागच्या बाकावर बसली. मी पहिलं गणित सोडवलं, आणि टाकून दिलेली सवय नेमकी त्या दिवशी तोंडातून निघाली. "समजलं का?"

"हो मॅडम," अख्खी शेड एका सुरात म्हणाली.

मागच्या बाकावरून ती उठली. "हो नका म्हनू रे," ती त्यांना म्हणाली. "मॅडम पावन्या नाय. घरच्या हायत."

मी पटकन फळ्याकडे तोंड केलं आणि सात अठ्ठे चोपन्न लिहिलं.